किटकॅट काढून नवी डीबी: एमसीबीला वायरचे लूप की पिनवाला बसबार? आणि दोन आरसीसीबी असतील तर न्यूट्रल कसं वेगळं ठेवायचं?

ऊर्जा_नाशिक

नमस्कार मंडळी. टू बीएचके फ्लॅटचं वायरिंग नव्याने चाललंय. सिंगल फेज, मंजूर भार ५ किलोवॅट. लाकडी फळीवरचे किटकॅट (चिनी मातीचे जुने) फ्यूज निघून भिंतीत बसणारी डबल डोअर एसपीएन डीबी (फेज म्हणजे वीज आणणारी आणि न्यूट्रल म्हणजे परतीची तार, दोन्हींचा वितरण बॉक्स) येणार आहे. काम परवानाधारक वायरमन करतोय, पण काही मुद्द्यांवर एकमत होत नाही, म्हणून जाणकारांना विचारते.

सर्किट अशी आहेत: लाइट-पंख्याची दोन (दीड चौ. मिमीची वायर, १० अँपिअर), हॉल-बेडरूमचे प्लग (अडीच, १६), स्वयंपाकघराचे प्लग (अडीच, १६), वॉशिंग मशीन (अडीच, १६), दोन गीझर (अडीच, १६), दोन एसी (चार, २०) आणि इन्व्हर्टरचा इनपुट (अडीच, १६). एकूण १० एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारे स्विच), सगळे सी कर्व्ह (रेटिंगच्या ५ ते १० पट करंटला झटक्यात पडणारे). शिवाय डबल पोल आयसोलेटर (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा मुख्य स्विच) आणि ३० मिलिअँपिअरच्या दोन आरसीसीबी (अर्थमध्ये गळती झाली की पडणारे स्विच).

प्रश्न असे.

१. वायरमनचं म्हणणं, एमसीबी ते एमसीबी वायरचे तुकडे लूप करू, बसबारच्या (सगळ्या एमसीबींना एकत्र फेज देणाऱ्या तांब्याच्या पट्टीच्या) पिना नीट पकडत नाहीत. खरं आहे का?

२. दोन आरसीसीबी आणि इन्व्हर्टर एकत्र असले की ट्रिपिंगचा त्रास होतो असं ऐकलंय. न्यूट्रलची मांडणी नेमकी कशी करायची?

३. डीबी १६ वेची आणलीय. पुरेल ना?

---

पॅनेल_सांगली

ताई, तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बॉक्स एकदा भिंतीत गेला की बदलणं महागात पडतं. सिंगल पोल एमसीबी एक जागा घेतो, म्हणजे साधारण १८ मिमी. डबल पोल आयसोलेटर दोन, प्रत्येक आरसीसीबी दोन. तुमचा हिशेब १० + २ + ४ = १६. डीबी काठोकाठ भरली. उद्या सर्ज प्रोटेक्टर (अचानक उसळणाऱ्या व्होल्टेजपासून वाचवणारा) बसवायचा म्हटला किंवा एखादं सर्किट वाढलं तर जागाच नाही. शिवाय खोक्यावरच्या ‘१६ वे’ मध्ये मुख्य स्विचच्या दोन जागा धरल्यात की त्या वेगळ्या आहेत, हे झाकण उघडून मोजून घ्या. जमत असेल तर एक आकार वरची किंवा दोन ओळींची बदलून आणा. आत हात घालायला जागा मिळाली की निम्मं काम आपोआप नीट होतं.

बॉक्स बसवताना एक गोष्ट फार लोक सोडून देतात. चिणताना मागे-बाजूला सिमेंट ठासून भरलं की पत्र्याचा बॉक्स पिळतो. मग एमसीबी अडकवायची ३५ मिमीची रेल वाकते, एमसीबीच्या मागची क्लिप एका टोकाला घट्ट तर दुसऱ्या टोकाला ढिली बसते आणि दरवाजाही लागत नाही. बॉक्समध्ये आतून आडवी-उभी लाकडी पट्टी अडकवून मगच भरा आणि लेव्हल लावून बघा. बॉक्सची कड गिलाव्याच्या पक्क्या पातळीला यायला हवी. आत गेली तर झाकणाचे स्क्रू पोचत नाहीत, बाहेर आली तर भिंत आणि झाकणात फट राहते. एमसीबी मात्र गिलावा, घासकाम, रंग सगळं संपल्यावरच बसवा. सिमेंटची आणि पुट्टीची धूळ टर्मिनलमध्ये आणि यंत्रणेत गेली की नंतर काढता येत नाही. तोवर बॉक्सचं तोंड पुठ्ठ्याने बंद ठेवा.

जेवढे पाइप येतात तेवढेच नॉकआउट (पत्र्यातली अर्धवट कापलेली भोकं) फोडा. फोडलेल्या भोकाची कड कानशीने मारून बुश किंवा पाइपचा अडॅप्टर लावा. नुसत्या पत्र्याच्या कडेवर वायर टेकली तर ओढताना इन्शुलेशन सोललं जातं आणि ते दिसत नाही, कारण चीर मागच्या बाजूला असते.

आता बसबार. ‘पिना पकडत नाहीत’ ही तक्रार ऐकू येते त्यामागे बहुतेक वेळा तीन कारणं असतात. एक, वेगवेगळ्या कंपन्यांचे एमसीबी एका ओळीत लावलेले. प्रत्येकाच्या टर्मिनलची उंची आणि खोली थोडी निराळी, त्यामुळे काही पिना पूर्ण आत जातात, काही टोकावरच अडकतात. दोन, स्क्रू पूर्ण उघडलेला नाही, म्हणून पिन क्लॅम्पच्या आत न जाता क्लॅम्प आणि प्लॅस्टिकच्या मधल्या फटीत शिरलेली. तीन, एकेक स्क्रू आवळत गेल्याने बसबार तिरका झालेला. त्यावर उपाय म्हणजे सगळे एमसीबी एकाच कंपनीचे आणि एकाच मालिकेतले घ्या, बसबारही त्यांचाच. सगळे स्क्रू पूर्ण उघडा, बसबार एका दाबात सरळ आत घाला, मग मधल्या एमसीबीपासून दोन्हीकडे हलकं आवळत जा आणि दुसऱ्या फेरीत पूर्ण आवळा.

बसबार मापाला कापायचा तो बाहेर, डीबीच्या तोंडाशी नाही. हॅकसॉने कापला की तांब्याचा कीस पडतो, तो एमसीबीत जाता कामा नये. कापल्यावर तांब्याची पट्टी प्लॅस्टिकच्या खोबणीतून बाहेर काढा, टोक घासा आणि प्लॅस्टिक तांब्यापेक्षा काही मिमी जास्त राहील असं ठेवून टोकाला कॅप लावा. न वापरलेल्या पिनेवर टोपी घाला. उघडी पिन म्हणजे आयसोलेटर चालू असेपर्यंत जिवंत फेज.

कुठून फीड द्यायचं हेही आधी ठरवा. आरसीसीबीचं आउटगोइंग खाली असतं, म्हणून बसबार खालच्या बाजूला ठेवून एमसीबीचं आउटगोइंग वरून काढतात. साधा थर्मल-मॅग्नेटिक एमसीबी बहुतेक कंपन्यांचा दोन्ही बाजूंनी चालतो, पण अंगावर ‘लाइन’ आणि ‘लोड’ छापलेलं असेल तर ते पाळायचंच. आरसीसीबी आणि आरसीबीओच्या (एमसीबी-आरसीसीबी एकाच अंगात) बाबतीत तर नक्कीच. कोणत्याही परिस्थितीत दांडा वर म्हणजे चालू, असंच बसलं पाहिजे.

---

वायरमन_भोसरी

लूपिंगला सरसकट वाईट ठरवू नका. चारचे किंवा सहाचे व्यवस्थित सोललेले, एकाच मापाचे लूप आणि ट्विन फेरूल (दोन वायरींची टोकं एकत्र धरणारी धातूची नळी) असतील तर चांगले टिकतात. जुन्या डीबीत एखादा एमसीबी बदलताना बसबार काढायचा म्हणजे सगळी ओळ उघडावी लागते, तिथे लूप सोयीचा पडतो. वायरमनला एकदम चूक म्हणू नये.

---

पॅनेल_सांगली

भाऊ, ट्विन फेरूलने केलेल्या लूपला माझी हरकत नाही. प्रत्यक्षात होतं काय, तर अडीचच्या तुकड्यांनी लूप मारतात. पहिल्या एमसीबीपासून शेवटच्यापर्यंत एकच साखळी, म्हणजे पहिल्या तुकड्यातून त्या ओळीतल्या सगळ्यांचा करंट जातो. दोन गीझर आणि वॉशिंग मशीन एकाच वेळी चालू असतील तर २५-३० अँपिअर त्या अडीचच्या तुकड्यातून जाणार. त्या तुकड्याला संरक्षण देणारा एमसीबी कुठला? मागचा, समजा ४० चा. म्हणजे लूप जळेल पण एमसीबी पडणार नाही. लूप करायचाच तर तो मागच्या संरक्षणाच्या मापाचा हवा. ४० ला दहाची वायर. दहाचे दोन तुकडे १६ च्या एमसीबीच्या टर्मिनलमध्ये कोंबणं जिकिरीचं आहे, म्हणूनच बसबार बरा. साधारण १० चौ. मिमीच्या तांब्याचा बसबार ६३ अँपिअरला चालतो.

दुसरं, लूपच्या प्रत्येक टर्मिनलमध्ये दोन टोकं येतात. एक जाड, एक बारीक असेल तर क्लॅम्प जाडीवर टेकतो आणि बारीक मोकळी राहते.

---

टेस्टिंग_ठाणे

बसबारचं सांगून झालंय, मी सांध्यावर आणि न्यूट्रलवर लिहितो. डीबी जळते ती रेटिंग चुकल्यामुळे कमी आणि ढिल्या सांध्यामुळे जास्त. ढिल्या सांध्याचा करंट नेहमीइतकाच असतो, त्यामुळे ना एमसीबी पडतो ना आरसीसीबी. फक्त त्या एका जागी उष्णता साचत राहते.

टर्मिनल नीट करायचं ते असं. इन्शुलेशन १२-१३ मिमी सोला. बहुतेक एमसीबीच्या अंगावर सोलायची लांबी आणि टॉर्क छापलेला असतो, तोच धरा. सोलताना ब्लेडने तारा कापल्या गेल्या तर ते टोक कापून परत सोला. आपल्याकडची घरगुती वायर बारीक तारांची असते, म्हणून योग्य मापाचं फेरूल घालून क्रिम्पिंग टूलने दाबा. पक्कडने चेपलेलं फेरूल चालत नाही, ते एका बाजूला चपटं होतं आणि आत पोकळी राहते. टोकाला शिसं लावून घट्ट करायची जुनी पद्धत तर पूर्ण बंद करा. शिसं दाबाखाली हळूहळू सरकतं आणि काही महिन्यांत स्क्रू ढिला होतो.

मग स्क्रू पूर्ण उघडा, क्लॅम्प खाली गेलाय हे डोळ्याने बघा आणि वायर क्लॅम्पच्या आतच गेलीय याची खात्री करा. वायर क्लॅम्पच्या मागे गेली तरी स्क्रू घट्ट लागतो, फक्त वायर पकडलेली नसते. म्हणून आवळल्यावर प्रत्येक वायर हाताने जोरात ओढून बघायची. इन्शुलेशनही क्लॅम्पखाली यायला नको, आणि टर्मिनलबाहेर उघडं तांबंही दिसायला नको. १६-२० च्या एमसीबीला साधारण २ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. त्यासाठी टॉर्क स्क्रू ड्रायव्हर मिळतो, तो घ्या. बिट पीझेड-२ वापरा. साधा चपटा ड्रायव्हर घसरतो, स्क्रूचं डोकं खराब होतं आणि ‘घट्ट झालं’ असा भास होतो.

तापलेला सांधा ओळखायचा असेल तर स्क्रूच्या डोक्याचा रंग बघा. आधी पिवळसर, मग निळसर झाक येते. टर्मिनलपासून पहिले एक-दोन सेंटिमीटर इन्शुलेशन कडक आणि चकचकीत होतं, नखाने दाबलं तर दबत नाही. एमसीबीच्या अंगावर त्याच बाजूला तपकिरी डाग येतो. असं दिसलं तर नुसतं आवळून भागत नाही. वायर मऊ भागापर्यंत मागे कापा आणि एमसीबी बदला. आतली पट्टी सतत गरम राहिली की रेटिंगच्या आतच पडायला लागतो.

न्यूट्रल. दोन आरसीसीबी म्हणजे तीन न्यूट्रल लिंक (न्यूट्रलच्या वायरी जोडायच्या पट्ट्या) धरा. एक येणारी, आयसोलेटरकडून दोन्ही आरसीसीबींना देणारी. दुसरी ‘अ’ आरसीसीबीची, तिसरी ‘ब’ ची. ‘अ’ आणि ‘ब’ च्या पट्ट्या वेगळ्या, इन्सुलेटेड पायांवर, डीबीच्या पत्र्याला कुठेही न लागणाऱ्या. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट एकमेकांशी ताडून बघते. ‘अ’ च्या एमसीबीतून गेलेला करंट ‘ब’ च्या पट्टीतून परत आला तर दोघींनाही फरक दिसतो आणि दोन्ही पडतात. म्हणून ‘कुठल्याही मोकळ्या भोकात काळी (न्यूट्रलची) वायर’ हा प्रकार इथे चालत नाही. एमसीबीचा जो क्रमांक, न्यूट्रल पट्टीतल्या भोकाचाही तोच, आणि दोन्ही वायरींवर तोच नंबर टॅग.

वाटणी मी अशी करीन: ‘अ’ वर ओल्या जागा, म्हणजे दोन गीझर, वॉशिंग मशीन, स्वयंपाकघर. ‘ब’ वर हॉल-बेडरूमचे प्लग, दोन एसी, इन्व्हर्टर. गीझरच्या एलिमेंटमध्ये पाणी शिरून ‘अ’ पडली तरी घरातले दिवे जात नाहीत. दोन आरसीसीबी घ्यायचं दुसरं कारणही आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक उपकरण थोडी गळती अर्थमध्ये सोडत असतं. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकते. कायमची गळती ९-१० च्या खाली राहिली तरच विनाकारण पडणं थांबतं. आणि प्रकार ‘ए’ घ्या, ‘एसी’ नको. आजच्या वॉशिंग मशीनमध्ये आणि इन्व्हर्टर एसीमध्ये गळतीचा करंट एकतर्फी तुकड्यांत येऊ शकतो, तो ‘एसी’ प्रकाराला खात्रीने कळत नाही.

इन्व्हर्टर. तुमचा खरा कस इथे लागणार आहे. इन्व्हर्टरचा इनपुट ‘ब’ च्या बसबारवरच्या एमसीबीतून. आउटपुटचा फेज परत डीबीत येतो आणि लाइटच्या दोन एमसीबींना मिळतो. म्हणजे लाइटचे ते दोन एमसीबी मेनच्या बसबारवर असताच कामा नयेत. ओळीच्या शेवटी ठेवा, मधे एक कोरी जागा सोडा, आणि त्यांच्यासाठी दोन पिनांचा वेगळा तुकडा वापरा. सलग बसबार ओढून दिला तर इन्व्हर्टरच्या आउटपुटला थेट मेनचा फेज भिडतो आणि पहिल्याच वेळी इन्व्हर्टर जळतो.

घरगुती इन्व्हर्टरमध्ये बहुधा इनपुट-आउटपुटचं न्यूट्रल आतून एकच असतं. म्हणून इन्व्हर्टरचं न्यूट्रल आणि त्यावर चालणाऱ्या सगळ्या लाइट-पंख्यांची न्यूट्रल ‘ब’ च्याच पट्टीवर. यातला एक जरी पंखा चुकून ‘अ’ च्या पट्टीवर गेला तर मेन असताना दोन्ही आरसीसीबी पडतील, आणि लोक गीझरला दोष देत बसतील. जुन्या वायरिंगमध्ये स्विचबोर्डातच प्लगचं आणि लाइटचं न्यूट्रल एकमेकांत जोडलेलं असतं. हे डीबीत दिसत नाही. प्रत्येक बोर्ड उघडून वेगळं करा.

तपासायची सोपी रीत: आयसोलेटर बंद, दोन्ही आरसीसीबी बंद, सगळे एमसीबी बंद, इन्व्हर्टर बंद. मल्टिमीटरने ‘अ’ आणि ‘ब’ पट्टीत कंटिन्यूटी बघा. वाजायला नको. वाजली तर ‘ब’ च्या काळ्या वायरी एकेक काढत जा, जी काढल्यावर आवाज थांबतो ती दोषी. मग प्रत्येक पट्टी आणि अर्थ यांच्यातही बघा, तिथेही वाजायला नको.

---

ऊर्जा_नाशिक

फार नेमकं उत्तर मिळालं, आभारी आहे. लाइटचे एमसीबी बसबारवर घ्यायचे नाहीत हे आमच्या आराखड्यात सुटलं होतं. अजून तीन शंका.

मीटरपासून वर येणारी केबल १६ ची अ‍ॅल्युमिनियम आहे. ती थेट आयसोलेटरमध्ये घातली तर चालेल का? दुसरं, मुख्य जागी आयसोलेटर ठेवू की ४० चा डबल पोल एमसीबी? आणि गीझरला अडीचची वायर पुरेल ना? दोन गीझर आणि वॉशिंग मशीनच्या वायरी एकाच पाइपमधून जाणार आहेत.

---

टेस्टिंग_ठाणे

शेवटच्याचं उत्तर आकड्यांत देतो. भिंतीतल्या पाइपमधून जाणाऱ्या पीव्हीसी तांब्याच्या अडीचच्या वायरची क्षमता ३० अंशाला २४ अँपिअर. नाशिकच्या उन्हाळ्यात ४० अंश धरा, गुणक ०.८७, म्हणजे सुमारे २१. एका पाइपमध्ये तीन सर्किट, गुणक ०.७, राहिले १४.६. त्यावर १६ चा एमसीबी म्हणजे वायरला संरक्षण उरत नाही. एमसीबी १.१३ पट करंटला तासभर पडत नाही आणि १.४५ पटीला पडायला तासभर घेऊ शकतो, हेही लक्षात ठेवा. २ किलोवॅटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो, ३ किलोवॅटचा १३. तेव्हा आज चालेल, पण एमसीबीने वायर वाचवायची असते, उपकरण नाही. दोन मार्ग आहेत. एक तर त्या तिन्हींना चारची वायर, म्हणजे ३२ × ०.८७ × ०.७ = १९.५, त्यावर १६ चा एमसीबी बिनधास्त. किंवा वॉशिंग मशीनचा पाइप वेगळा करा. पाइपमध्ये दोनच सर्किट राहिली तर गुणक ०.८, अडीचचे १६.७ येतात आणि १६ चा एमसीबी जेमतेम बसतो. मी चारची ओढीन. भिंत परत फोडण्यापेक्षा वायरचा फरक स्वस्त पडतो.

एसीची चारची वायर आणि २० चा एमसीबी ठीक आहे, फक्त दोन्ही एसीच्या वायरींबरोबर तिसरं सर्किट त्याच पाइपात घालू नका.

---

पॅनेल_सांगली

अ‍ॅल्युमिनियम थेट घालू नका. पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर लगेच चढतो, तो वीज नीट वाहू देत नाही. शिवाय दाबाखाली अ‍ॅल्युमिनियम सरकतं आणि गरम-थंड होताना तांब्यापेक्षा जास्त फुगतं-आकसतं, म्हणून आवळलेला स्क्रू काही महिन्यांत ढिला पडतो. १६ साठी बायमेटॅलिक पिन लग मिळतो, एका बाजूला अ‍ॅल्युमिनियमची नळी, दुसऱ्या बाजूला तांब्याची पिन. केबलचं टोक तारेच्या ब्रशने घासा, लगेच जॉइंटिंग कंपाउंड लावा, नळीत पूर्ण आत घालून योग्य डायने क्रिम्प करा. त्याआधी पिनची जाडी आयसोलेटरच्या टर्मिनलमध्ये जाते का ते दुकानातच बघून घ्या. केबल टर्मिनलवर लोंबकळायला नको. डीबीत शिरताना ग्लॅंड किंवा क्लॅम्पने पकडा.

आयसोलेटर की एमसीबी, हे खाली मीटरजवळ काय आहे त्यावर ठरतं. आरसीसीबीला ओव्हरलोडचं संरक्षण अजिबात नसतं. ती ४० ची असेल तर तिच्या मागे कुठेतरी ४० किंवा कमीचा एमसीबी हवाच, कारण पुढच्या एमसीबींची बेरीज ४० च्या कितीतरी पुढे जाते. मीटरपाशी ४० चा एमसीबी असेल तर वर आयसोलेटर पुरे. तिथे ६३ चा असेल किंवा नुसता कटआउट असेल तर डीबीत ४० चा डबल पोल एमसीबी लावा, किंवा आरसीसीबीच ६३ च्या घ्या. मुख्य एमसीबी लावला तर प्लगमध्ये शॉर्ट झाल्यावर कधी कधी १६ चा आणि ४० चा दोन्ही पडतील. ४० चा सी कर्व्ह २०० ते ४०० अँपिअरला झटक्यात पडतो आणि शॉर्टचा करंट त्याहून जास्त असू शकतो. हा दोष नव्हे.

आयसोलेटरपासून दोन्ही आरसीसीबींना दहाची वेगवेगळी वायर न्या. आयसोलेटरच्या टर्मिनलमध्ये दोन येणार म्हणून ट्विन फेरूल.

ओळीत एमसीबी लावताना जड भाराचे दोन शेजारी शेजारी ठेवू नका. एमसीबीची कॅलिब्रेशन ३० अंशाला असते. बंद बॉक्समध्ये शेजारचाही तापलेला असेल तर रेटिंगच्या आत पडतो. ‘अ’ मध्ये गीझर, वॉशिंग मशीन, गीझर, स्वयंपाकघर. ‘ब’ मध्ये एसी, प्लग, एसी, इन्व्हर्टर. अर्ध्या मापाचे स्पेसर मधे घालू नका, त्याने १८ मिमीचा बसबार जुळत नाही.

---

वायरमन_भोसरी

सर्ज प्रोटेक्टर बसवणार असाल तर त्याची फेज, न्यूट्रल आणि अर्थची वायर मिळून लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. नीटनेटकं दिसावं म्हणून कडेने गोल फिरवून आणली तर सर्जच्या वेळी वायरीवरच इतकं व्होल्टेज उभं राहतं की प्रोटेक्टरचा उपयोग उरत नाही. त्यासाठी वरच्या ओळीत आयसोलेटरच्या शेजारची जागा धरा.

आणि जुन्या फळीवर न्यूट्रललाही किटकॅट असतो. नवीन डीबीत न्यूट्रलला फ्यूज किंवा एकटा सिंगल पोल एमसीबी कुठेही यायला नको. न्यूट्रल तुटला तर उपकरण बंद दिसतं, पण अंगावर फेज तसाच असतो.

---

ऊर्जा_नाशिक

खाली मीटरजवळ ६३ चा एमसीबी आहे, त्यामुळे डीबीत ४० चा डबल पोल एमसीबी घेते. डीबी मोठी बदलली. चालू करण्यापूर्वी काय काय तपासून घ्यायचं तेवढं सांगा.

---

टेस्टिंग_ठाणे

मीटरकडचा एमसीबी बंद करून त्याला टाळा लावा, मगच डीबीत हात. मुख्य एमसीबी बंद असला तरी त्याची वरची बाजू मीटरकडून जिवंत असते.

आधी डोळ्याने आणि हाताने. प्रत्येक वायर ओढून बघा. अर्थ पट्टीवर एका भोकात एकच हिरवी वायर. डीबीच्या बॉक्सला आणि दरवाजालाही अर्थ. नंतर मेगर (इन्शुलेशन तपासायचं मीटर) ५०० व्होल्टवर. सर्ज प्रोटेक्टर, इन्व्हर्टर, डिमर, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सगळं प्लगमधलं आणि आरसीसीबीचं आउटगोइंग सोडवून ठेवा. फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थशी मोजा. नियमाने १ मेगाओहम पुरे, पण नव्या वायरिंगला शेकड्यांत यायला हवं. ५-१० आलं तर कुठेतरी ओल आहे किंवा इन्शुलेशन चिरलंय, शोधून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रत्येक प्लगला फेज उजवीकडे आहे ना ते बघा. मग आरसीसीबी. अंगावरचं टेस्ट बटण फक्त तिची आतली यंत्रणा तपासतं, तुमचा अर्थ जोडलाय की नाही ते नाही सांगत. आरसीडी टेस्टरने प्रत्येक प्लगवर चाचणी घ्या. ३० मिलिअँपिअरला ३०० मिलिसेकंदांच्या आत, १५० ला ४० च्या आत पडली पाहिजे. १५ ला पडायला नको. एखाद्या प्लगवर टेस्टर अर्थ नाही म्हणाला तर तो बोर्ड उघडा.

शेवटी भार टाका. दोन्ही गीझर आणि एक एसी तासभर चालू ठेवून इन्फ्रारेड थर्मामीटरने सांधे बघा. चमकत्या स्क्रूवर नेम धरला तर आकडा फसवा येतो, शेजारच्या प्लॅस्टिकवर किंवा इन्शुलेशनवर धरा. एकाच भाराच्या दोन एमसीबींत १० अंशांहून जास्त फरक दिसला तर पुरवठा बंद करून तो सांधा उघडा आणि परत करा.

डीबीच्या दरवाजाच्या आत सर्किटांची यादी चिकटवा, आणि लाइटच्या दोन एमसीबींच्या वर ठळक लिहा: ‘मुख्य स्विच बंद असला तरी इथे इन्व्हर्टरचा फेज असतो’. पुढच्या वेळी झाकण उघडणारा वायरमन वेगळा असू शकतो.

---

पॅनेल_सांगली

एवढंच जोडतो: मोकळ्या जागांवर कोऱ्या प्लॅस्टिक पट्ट्या लावायला विसरू नका. आत बसबार उघड्या बाजूने दिसत असतो आणि लहान मुलाचं बोट त्या १८ मिमीच्या फटीतून सहज जातं. पट्ट्या डीबीच्या खोक्यात बहुधा दिलेल्या असतात, पिशवी फेकण्यापूर्वी बघा.